गरगर फिरणारा मोदक

बायकोने घरून उकडीचे मोदक विकायला सुरुवात केली, तेव्हा वेबसाइट मीच केली. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत माझं कामच ते होतं. पडद्यावर मोठा मोदक गरगर फिरायचा आणि ऑर्डरसाठी त्यालाच टिचकी मारायची. मला ते फार कल्पक वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात बुकित पंजांग भागात राहणाऱ्या एका काकूंचा फोन आला.

"अरे, मोदक छान फिरतोय. पण मागवायचा कसा?"

"त्याच्यावरच बोट ठेवा, काकू."

"बरं, थांबला की ठेवते."

तो थांबणारच नव्हता. शेवटी मी मोदक काढून 'ऑर्डर द्या' असं साधं बटण ठेवलं. पुढच्या वेळी काकूंनी बायकोला विचारलं, "आता सोपं झालंय. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंस ना?"

माझ्याकडे बघत बायको म्हणाली, "हो."