तिला शेवटी ऐकायचं होतं

सेसीच्या वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मी मुलुंडच्या मार्केटात मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. “शुभाताई, निघा. आता नाही थांबायची ती,” एवढंच वहिनी म्हणाली. जुडी तिथेच टाकून मी निघाले. घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीकडे जाताना मला सेसीच्या आठवणी वगैरे काही येत नव्हत्या. डोक्यात एकच होतं, की मी तिला एक शब्द दिलाय आणि तो पाळायची वेळ आज आलीय. तो मी पाळला नाही. या गोष्टीला आता सात आठवडे झाले... हे लिहायला बसले आहे ते तिचे गोडवे गाण्यासाठी नाही. ते गायला तिच्या चर्चमधली माणसं आहेत, आणि ती गेल्याला महिना झाला तेव्हाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, त्यांनी ते मनापासून गायलेही. मला ती एक गोष्ट सांगून टाकायची आहे.

सेसिलिया, आम्हा सगळ्यांची सेसी, अंधेरीतल्या एका जुन्या गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांपैकी. एका मराठी शाळेत आम्ही दोघींनी अठ्ठावीस वर्षं बरोबर शिकवलं. ती भूगोल, मी गणित. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून गेटपर्यंत जायचा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. लग्न केलं नाही. घरी आई, वरच्या मजल्यावर भाऊ आणि वहिनी. निवृत्तीनंतर ती आठ दिवसांच्या मौन रिट्रीटला जाणार असं कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. “तू आणि आठ दिवस गप्प? तुझी वाट लागणार तिथे.” ती परत आली तेव्हा मी ऐकायला टपूनच बसले होते. पण ती काही सांगेचना. चहा पीत राहिली. मग म्हणाली, “शुभे, साठ वर्षं मी देवाशी नुसती बोलत होते गं. त्याला एकदापण तोंड उघडू दिलं नाही.”

तिथे तिला कुणी माइंडफुलनेस शिकवलं होतं. शब्द इंग्रजी, पण तिने तो आपल्या स्वयंपाकघरात आणून सोपा करून टाकला. ताठ बसायचं, डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तिकडे बघायचं. आत येताना मनात ‘प्रभू’ म्हणायचं, बाहेर जाताना ‘मी इथे आहे’. मन पळालं की त्याला न रागावता परत आणायचं. एवढंच. बोंबील साफ करताना बोंबीलच साफ करायचा, मनात वहिनीशी भांडायचं नाही, हेही त्यातच आलं. पहिल्यांदा तिने हे चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चार बायकांना शिकवायला घेतलं, तर कुजबुज सुरू झाली. हे आपलं नाही, हा योगा आहे, डोळे मिटून रिकामं बसलं की भलतंच काहीतरी आत शिरतं. हॉल मिळेनासा झाला. सेसीने जुन्या स्वभावाप्रमाणे थोडा आरडाओरडा केलाच. वाळवंटात राहणारे आपले जुने ख्रिस्ती साधू दुसरं काय करत होते, असं तिने भर आवारात विचारलं. मग घरच्या पुढच्या खोलीत दर मंगळवारी पाच वाजता खुर्च्या मांडायला लागली. कधी सात बायका, कधी दोनच. तिची आई, अ‍ॅनामावशी, तेव्हा आतल्या खोलीत जाऊन मुद्दाम भांडी वाजवायची. मावशीसाठी प्रार्थना म्हणजे जपमाळ, आणि जपमाळ म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू गेली पाहिजे.

मीही एकदा बसले. वीस मिनिटांत माझी उद्याची भाजी ठरली, एका भाचीचं लग्न लावून झालं आणि डावा पाय झोपला. डोळे उघडले तर सेसी माझ्याकडे बघून हसत होती. “कुठे कुठे फिरून आलीस?” मी म्हटलं, “माहेरी, कणकवलीपर्यंत.” ती म्हणाली, “आलीस ना परत? झालं मग. तेच करायचं असतं.” तिचं ते रागीट तोंड इतकं निवळलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला थोडा मत्सरच वाटला. माझ्या घरी देव्हारा आहे, रोज दिवा लागतो, पण असं काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

आणि मग तिची फुफ्फुसं कडक व्हायला लागली. आजाराचं लांबलचक नाव तिने मला पाठ करून सांगितलं होतं, मी ते विसरून जायचा प्रयत्न करते. आधी जिना चढताना धाप, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. नाकात नळी आणि कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. मंगळवार तिने तरीही सोडला नाही. बायका यायच्या, मशीनच्या आवाजात डोळे मिटून बसायच्या. एकदा त्या गेल्यावर मी खुर्च्या भिंतीला लावत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, “तुला एक सांगू? आता मला श्वासाकडे बघायची भीती वाटते. पुढचा येईल की नाही, हेच बघत बसते. त्यांना सांगते, सोबत्यासारखा आहे तो... आणि मला तो शत्रू वाटतो.” मी म्हटलं, मग नको ना बघूस, टीव्ही बघ, जपमाळ घे, काहीतरी कर. सेसी बराच वेळ दम खात राहिली. मग म्हणाली, “नाही गं. भीती तर भीती. तिच्याजवळपण बसायला पाहिजे ना कुणीतरी.” देवाने तिची ही कसली परीक्षा घेतली, मला आजही कळत नाही आणि मी त्याला माफ केलेलं नाही.

शब्द मागितला तो त्यानंतर दोन आठवड्यांनी. “आमची लोकं मला माहितीयेत,” ती एकेक शब्द तोडून बोलत होती. “शेवटी सगळे खाटेभोवती उभे राहून जोरजोरात प्रार्थना म्हणणार. प्रेमाने म्हणतील, मला कळतं. पण मला ऐकायचंय. श्वास थांबला की त्याच्या पुढे काय आहे ते. तू त्यांना गप्प कर. वर्गाला करायचीस ना, नुसतं बघून? तसं. आणि माझ्याबरोबर बस. कणकवलीला जाऊ नको त्या दिवशी.” साठ मुलांचा वर्ग मी खरंच नुसत्या नजरेने गप्प करायची. मी तिचा हात धरून हो म्हटलं.

त्या दुपारी मी पोचले तेव्हा खोलीत आठ-दहा माणसं होती. खिडकी उघडी होती, बाहेर कुणाच्या तरी अंगणात वर्षभराच्या बॉटल मसाल्यासाठी मिरच्या वाळत होत्या आणि त्यांचा ठसका आत येत होता. सेसीचे डोळे अर्धवट मिटलेले होते. खाटेच्या उशाशी अ‍ॅनामावशी उभी होती, सत्त्याऐंशी वर्षांची, कंबरेत वाकलेली, हातात जपमाळ. आणि ती ‘नमो मरिये’ ही मारियामातेची प्रार्थना म्हणत होती. म्हणत कसली, ओरडत होती. तिच्या मागोमाग सगळे. मी सेसीच्या पायाशी बसले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, सेसीने तिलाही काही सांगून ठेवलं असावं. बोलायचं तर आता, असं मी मनाशी म्हटलं. पण मी त्या घरातली नाही, त्या धर्मातली नाही, आणि मरणाऱ्या लेकीसाठी तिची आई देवाला हाका मारते आहे. तिला काय सांगू, मावशी, गप्प बसा? मी तोंड उघडलं आणि मिटलं. जपमाळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती; शेवटच्या फेरीत तिसऱ्या दहा मण्यांपर्यंत सेसीची छाती हलत होती. चौथ्या दहा मण्यांनंतर वहिनीने तिच्या कपाळाला हात लावला आणि रडायला लागली. डॉक्टर आले, दाखल्यासाठी त्यांनी वेळ विचारली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी माणसं त्या खोलीत होती आणि तिचा शेवटचा श्वास कुणीही ऐकला नव्हता. डॉक्टरांनी अंदाजाने तीन वाजून दहा मिनिटं लिहिलं.

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. आपण परक्या, आपल्याला संकोच वाटला, असं मी स्वतःला शंभरदा समजावलं. गेल्या मंगळवारी राहवलं नाही म्हणून अंधेरीला गेले. मशीन परत गेलं होतं, पुढच्या खोलीत मावशी एकटीच बसली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. सेसीने काय मागितलं होतं, मी काय कबूल केलं होतं, आणि कसं तोंडातून एक शब्द फुटला नाही. मावशी जराही चकित झाली नाही.

“मलापण सांगितलेलं तिने,” ती म्हणाली. “मम्मा, गप्प राहा, म्हणाली. मी हो बोलले.”

“मग?”

“ती झाली ना, तेव्हा रडलीच नाही गो. काळीनिळी. सुईणीने उलटी धरून फटका मारला तेव्हा श्वास घेतला. तो मी ऐकला. खोलीत दुसरा आवाज नव्हता.” मावशीने पदराने तोंड पुसलं. “त्या दिवशी गप्प राहिले असते तर तिचा हा शेवटचा पण ऐकायला लागला असता. मला नव्हता ऐकायचा. म्हणून ओरडले. देवाला नाय बोलवत होते मी... तो आवाज झाकत होते.”

सात आठवडे मी माझा धर्म, तिचा धर्म, तिचं वय, माझा संकोच अशी कारणं एकावर एक रचत होते. त्या खोलीत मावशीचा आवाज जरा खाली आला की मीच घाबरून तिच्याकडे बघायचे आणि तो पुन्हा चढला की बरं वाटायचं, हे मला तिच्यासमोर बसल्यावर आठवलं. मी सगळ्यांबरोबर ओठ हलवायला लागले होते. मला तर ती प्रार्थना धड येतही नाही.

“मलाही नव्हता ऐकायचा, मावशी,” मी म्हणाले.