पिंजाऱ्याच्या चार गल्ल्या

'दारोदार फिरणं सोडा, मशीन मागा, तो तुमचा हक्क आहे.' पत्रकावरची ही ओळ माझी. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं, मी बावीस वर्षांची, कल्याणच्या एका संघटनेत. सरकारी महामंडळानं अल्पसंख्याकांच्या छोट्या धंद्यांसाठी कर्ज योजना काढलेली. ती घरोघर पोचवायची जबाबदारी माझी आहे, असं मीच ठरवलेलं.

पिंजारी चाचा मला लहानपणापासून माहीत. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन, तिची तार छेडत डोंबिवलीत आमच्या गल्लीत यायचे. तो आवाज आला की बायका गाद्या खाली आणायच्या. पिंजाऱ्यांनी गल्ल्या आपसात वाटून घेतलेल्या. चाचांच्या चार. त्यात दुसरा पिंजारी तार छेडत नसे. कागद कसला नव्हता, पण सगळे पाळायचे.

कापूस पिंजायच्या मशीनसाठी मी त्यांचा अर्ज भरला. अट होती, धंदा एका जागी हवा.

"मग माझ्या गल्ल्यांचं काय?" चाचा म्हणाले.

"सोडा की. लोक तुमच्याकडे येतील."

"पोरी, गादी चालत येते का?"

मी हसले नाही. रस्त्यावर धनुकली घेऊन दिसलात तर अर्ज बाद होईल, असं सांगितलं. असं अर्जात कुठंही नव्हतं. ते माझ्या पदरचं.

चाचांनी चारही गल्ल्या मेव्हण्याला देऊन टाकल्या, चार माणसांसमोर, सगळ्यांना चहा पाजून. घराची पुढची खोली मशीनसाठी रिकामी केली. मंजुरीचं पत्र आलं. आम्ही संघटनेत पेढे खाल्ले.

मशीन आलं नाही. शीळफाट्यावरून एसटीनं ठाणे, खोपटला उतरून चालत ऑफिस, असे आमचे हेलपाटे सुरू झाले. शेवटच्या खेपेला तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, अर्ज मंजूरच आहे तुमचा. निधी थांबलाय."

"म्हणजे योजना बंद?" मी विचारलं.

"बंद कोण म्हणालं, ताई? योजना चालू आहे. निधी नाही."

मी भांडायला गेलेले. पत्रकातली वाक्यं तोंडपाठ होती. तोवर कारकून फाईल ठेवायला उठला. चाचांनी हात पुढे करून त्याच्या खुर्चीवरची उशी दाबून पाहिली.

"साहेब, कापसाचे गोळे झालेत. बसायला टोचत असेल."

"मग आणा तुमचं मशीन," कारकून म्हणाला आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. चाचाही हसले.

खोपटच्या डेपोत बस लागायची होती. मी म्हटलं, "मेव्हण्याकडून गल्ल्या परत घ्या ना."

"दिलेली गल्ली मागत नाहीत."

"अहो, घरचाच माणूस आहे."

"म्हणूनच."

"मी बोलू त्याच्याशी?"

"तू पुष्कळ बोललीस, बेटा." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

नंतर ते शीळफाट्याकडच्या गावांत फिरू लागले. तिथं कुणा पिंजाऱ्याची वाटणी नव्हती. पण जमिनी विकून लोकांनी नवी घरं बांधलेली, पलंगांवर फोम आलेला. तार ऐकून पोरं बाहेर यायची, गाद्या यायच्या नाहीत. हे मला मेव्हण्याकडून कळलं. तो आमच्या अंगणात आमचीच गादी उसवून बसला होता.

"त्यानं एकदा मागावं, दीदी. चारीच्या चारी देतो," तो म्हणाला. "पण मी आपणहून परत केल्या तर लोक म्हणतील, ह्याला भीक घातली. त्याला ते चालेल का?"

आई गॅलरीतून वाकून म्हणाली, "अगं, आपले नेहमीचे चाचा कुठायत?"

"महामंडळात अर्ज आहे त्यांचा," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

गादी छान फुगली. मेव्हण्यानं टाके घालून ती वर आणून दिली. दुपारी मी तिच्यावर आडवी झाले आणि मला लगेच झोप लागली.