मुकुटावर पेढीचे नाव

चंद्रहास बोरस्ते धातूवर विश्वास ठेवतात, धातूवरच्या अक्षरांवर नाही. निफाडहून आखातात येऊन मंगफला स्थिरावल्यापासून अठरा वर्षे तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात त्यांनी एकच काम केले आहे: नळीवर लिहिलेलेच पोलाद आत आहे का, ते तपासणे. एमरी पेपरने बोटभर जागा घासायची, गंज-रंग काढायचा, उघड्या धातूला पिस्तुलासारखे यंत्र टेकवायचे आणि पडद्यावर कोणता धातू किती ते वाचायचे.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात त्यांच्या पत्नीच्या, लीनाताईंच्या पुतळ्यांच्या माळेतले मधले पदक हरवले. माळ लीनाताईंच्या आईची. शनिवारी फिंतासला हळदीकुंकू होते आणि माळेशिवाय जायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. म्हणून दोघे मुबारकियाच्या बाजारात अब्बास सोनाराकडे गेले. त्याने मोडीच्या सोन्याचा डबा उलटा केला, तेव्हा त्यातून एक जुने, मळकट नाणे निघाले.

"भाभी, ये अमेरिका का लगता है. वजन अच्छा है."

चंद्रहासांनी ते दिव्याखाली धरले. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेली स्त्री, खाली साल १८५०. मुकुटावर मात्र देशाचा काही शब्द नव्हता. कुणा पेढीचे नाव होते.

"नाणं सरकारसारखं आणि नाव दुकानाचं?"

"सोनं आहे ना? मग कडी लावू दे त्याला," लीनाताई म्हणाल्या.

"थांब. आधी कळू दे."

"काय कळायचंय?"

"कुणाचं ते."

"गुरुवारपर्यंत शोधून काढा. मग तुमचं संशोधन आणि माझी कडी."

वजनाच्या भावाने घेतलेले नाणे घरी आले. पुढच्या तीन संध्याकाळी चंद्रहास वाचत बसले. कॅलिफोर्नियात सोने सापडले तेव्हा तिथे सरकारी टांकसाळ नव्हती. लोक सोन्याच्या भुकटीवर व्यवहार करत आणि ती चिमटीने मोजून देताघेता फसत. तेव्हा सोन्याची पारख करणाऱ्या खासगी पेढ्यांनी स्वतःची नाणी पाडली. पुढे बहुतेक वितळवली गेली. जी उरली ती संग्राहकांना हवीहवीशी, म्हणूनच नकलाही पुष्कळ. एक खूण मात्र त्यांना भावली: सरकार सोन्यात तांबे मिसळत असे, या पेढ्यांच्या पुष्कळ नाण्यांत सोन्याबरोबर निसर्गतः आलेली चांदी तशीच राहून गेली होती.

"खरं असलं तर डाग देऊन, म्हणजे तापवून जोडून, कडी लावणं म्हणजे त्याचा सत्यानाश," त्यांनी पत्नीला बजावले. "खोटं असलं तर तुझी कडी खुशाल लाव."

बुधवारी पाळी संपल्यावर त्यांनी साहेबांची, झैद यांची, परवानगी घेतली. नाणे टेबलावर ठेवले. उजव्या हाताने खिशातला एमरी पेपर काढला आणि मुकुटधारी स्त्रीच्या गालावर दोनदा, सफाईदारपणे फिरवला. मग यंत्र टेकवले. सोने नव्वदीच्या आसपास, उरलेली जवळजवळ सगळी चांदी, तांबे नावापुरते.

"चांदी!" ते ओरडले.

झैद नाण्याकडे वाकून बघत होते. "बोरस्ते, तू इसको घिसा क्यों?"

तेव्हा कुठे त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले.

रात्री त्यांनी अमेरिकेतल्या एका जाणकाराला आकडे आणि छायाचित्रे पाठवली. गुरुवारी उत्तर आले: धातू जुळतो, ठसाही जुळतो, बहुधा अस्सल आहे, पण गाल कुणी खरवडला? आता कुणी संग्राहक हौसेने घेणार नाही.

लीनाताईंनी ते दोनदा वाचून घेतले. "पावणेदोनशे वर्षं बिचारी धड राहिली," त्या म्हणाल्या, "आणि निफाडच्या तपासनीसाच्या तावडीत सापडली."

"आता लाव तुझी कडी," चंद्रहास पडेल आवाजात म्हणाले. "आता कशाला जपायचं?"

लीनाताईंनी नाणे रुमालात गुंडाळले. दुकानात त्या स्वतःच अब्बासला म्हणाल्या, "डाग मत देना. बाहर से चौकट बनाओ, उसमें बिठा दो. निकालना हो तो निकले."

"भाभी, उसमें शनिवार नहीं होगा. अगला हफ्ता."

चंद्रहासांनी चमकून पत्नीकडे पाहिले. त्या नाणे उलटसुलट करून बघत होत्या.

"चलेगा," त्या म्हणाल्या. "लेकिन ये तेरे डब्बे में आया कहाँ से?"

"दादा के ज़माने से पड़ा है."

"दादा को किसने दिया?"

अब्बासने खांदे उडवले. "बुशरा फूफी को मालूम होगा. घर में वही सबसे बड़ी हैं."

"तो लगा ना फोन," लीनाताई म्हणाल्या आणि काउंटरपाशी स्टूल ओढून बसल्या.