चाकाची उचकी

पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अधूनमधून बिघडणारं यंत्र भुवनाला लहानपणापासून जास्त आवडायचं. बंद यंत्र उघडलं की कारण बहुधा समोरच असतं. अधूनमधून बिघडणाऱ्याच्या मात्र मागे लागावं लागतं. तिच्या वडिलांचा, गुरुराजांचा, तंजावुरात लग्नकार्यांना माइकसेट भाड्याने द्यायचा धंदा होता. कर्ण्यातली खरखर नेमकी कुठल्या वायरीतून येते हे हुडकण्यात तिच्या शाळेच्या सुट्ट्या सरल्या. पुढे पॉलिटेक्निक झालं, एका मोठ्या गॅरेजात नोकरी झाली आणि चाळिशीच्या आत पापनाशमच्या रस्त्याला तिने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. वर पत्रा, दारात नारळाचं झाड आणि आत गाड्यांची वायरिंग. गिऱ्हाइकांशी ती तमिळ बोलायची, अप्पांशी घरची मराठी, आणि हट्टाला पेटलेल्या गाडीशी जी तोंडात येईल ती.

रघुराम राव आपली लाल गाडी घेऊन आले ते वैतागूनच. राव पापनाशमकडचे, भातशेतीवाले, आणि घरी मराठीच बोलणारे. दोन दारांची ही जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी नागपट्टणमहून हौसेने आणली होती.

"भुवना, ब्रेकचे पॅड बदलले, सिलिंडर बदलला, अस्की, सगळं बदललं," ते म्हणाले. "तरी थांबायच्या वेळेला पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. कामाक्षी, माझी बायको, तर गाडीत बसायलाच तयार नाही."

"वेगात असताना ब्रेक मारला तर?"

"तेव्हा शहाण्यासारखी थांबते. नखरे सगळे शेवटी, अगदी चालण्याच्या वेगात आल्यावर."

"आणि एबीएसच्या बिघाडाचा दिवा?"

"तो कुठे लागतो! तिरुच्चीचा मेकॅनिक म्हणाला, फ्यूज काढून टाका, कटकट मिटेल."

भुवनाने स्कॅनर लावून पाहिला. एकही दोष नोंदलेला नव्हता. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. तिला मात्र तिथेच गोडी लागली. करकचून ब्रेक मारल्यावर एखादं चाक जागीच अडकून घसरायला लागलं, तर एबीएस त्याचा ब्रेक क्षणभर सैल करतं, पुन्हा आवळतं. थरथर होते ती त्याची. पण कोरड्या रस्त्यावर, इतक्या हळू, घसरतंय कोण? आणि यंत्रणा बिघडली असेल तर दिवा का लागत नाही?

पुढचं डावं चाक काढल्यावर तिला वाटलं, सापडलं. वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाच्या किसाची दाढी वाढली होती. तिने ती पुसून काढली, वर्कशॉपभोवती चार फेऱ्या मारल्या, गाडी छान थांबली. रावांना तिने खुशाल पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी राव परत आले. पापनाशमच्या रेल्वे फाटकापाशी गाडी पुढच्या मोपेडला टेकता टेकता राहिली होती. ते रागावले नाहीत, त्यांनी नुसती किल्ली तिच्यासमोर ठेवली. भुवनाला ते जास्त लागलं.

"चूक माझी, राव," ती म्हणाली. "पहिलं कारण दिसलं आणि मी तिथेच थांबले. आज गाडी ठेवून जा."

सेन्सर ठीक होता, वायर ठीक होती. मीटरवरचा आकडा चाक फिरवलं की वर जायचा, थांबवलं की खाली यायचा. त्यातून काही कळेना. ॲक्सलवर दात्यांची एक लोखंडी कडी असते; प्रत्येक दाता सेन्सरसमोरून गेला की विजेचा एक बारीक ठोका उमटतो. ठोके मोजूनच गाडीला चाकाचा वेग कळतो. मीटर त्या ठोक्यांची सरासरी दाखवत होता. तिला एकेक ठोका हवा होता.

"अप्पा, आपला जुना अँप्लिफायर चालतो का अजून?"

"चालेल की. कुणाचं लग्न आहे?" आरामखुर्चीतून गुरुराजांनी विचारलं.

त्यांनीच तो घरून रिक्षातून आणला. भुवनाने सेन्सरच्या वायरी माइकच्या जागी जोडल्या, गाडी जॅकवर घेतली आणि उजवं चाक हाताने फिरवलं. स्पीकर सलग गुरगुरला. मग तिने डावं फिरवलं. गुर्रर्र, टक्, गुर्रर्र, टक्. प्रत्येक फेरीला एकदा, त्याच जागी.

"उचकी लागलीय त्याला," गुरुराज खुर्चीतून उठून जवळ आले. "पुन्हा फिरव."

तिने चाक हळूहळू फिरवलं. उचकी आली तिथे थांबवलं आणि टॉर्च घेऊन आत वाकली. वर्षानुवर्षं नागपट्टणमच्या खाऱ्या हवेत उभ्या गाडीच्या ॲक्सलवर गंज फुगला होता, त्याने कडी आतून ताणली होती आणि दोन दात्यांच्या मधोमध ती तडकली होती. फट नखाएवढी, पण तेवढ्यात एक ठोका उशिरा पडत होता.

आता सगळं जागेवर बसलं. वेगात ठोक्यांचा पाऊस असतो, एखादा चुकला तरी त्यात विरून जातो. गाडी थांबत आली की ठोके मोजके उरतात, आणि एक लांबला की गाडीला वाटतं, चाक अडकलं! म्हणून ती ब्रेक सोडते. सेन्सर शाबूत, वायर शाबूत, मग दिवा लागेल कशाला? गाडी खोट्या बातमीवर अगदी इमानाने वागत होती.

नवी कडी कुठेच मिळेना. चेन्नईच्या भंगारबाजारातून त्याच जातीच्या गाडीचा अख्खा ॲक्सल आला. तो बसवण्याआधी भुवनाने त्याचीही कडी स्पीकरवर ऐकली.

चाचणीला कामाक्षीबाई स्वतः आल्या आणि कालव्याकाठच्या मोकळ्या रस्त्यालगत सावलीत उभ्या राहिल्या. गाडीत राव आणि भुवना. गाडी पुन्हा पुन्हा थांबवली, पेडल गप्प.

"आता त्या वाळूवर घ्या आणि जोरात दाबा," भुवना म्हणाली.

"पुन्हा थरथरेल की!"

"थरथरायलाच हवं. या वेळी खरं कारण असेल."

रावांनी श्वास रोखून ब्रेक मारला. पेडल पायाखाली धडधडलं आणि वाळू उडवत गाडी सरळ रेषेत उभी राहिली. कामाक्षीबाई लगबगीने आल्या आणि दार धरून म्हणाल्या, "चला, मला घरी सोडा."

"एक मिनिट, बाई," भुवना उतरून चालकाच्या बाजूला गेली. तिचे डोळे चमकत होते. "राव, जरा सरका ना. ते धडधडणं माझ्या पायाला कसं लागतं, बघायचंय मला."