पाठमोरे सल्लागार

नाव कमावण्यासाठी माणसं जन्मभर धडपडतात. पण दुसऱ्याचं नाव आपल्या कानावर पडू नये म्हणून धडपडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला शोधण्याची जाहिरात माझ्याच हातून लिहिली गेली होती. त्यांचा नियम पाळून मीही इथे त्यांचं नाव देत नाही. दिलं तर अकोल्याहून फोन येईल आणि मला बोलणी खावी लागतील.

मी अमरावतीच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात कार्यालय अधीक्षक होतो. आमच्याकडे कर्करोगावर संशोधन सुरू व्हायचं होतं. वर्षानुवर्षांचे स्कॅन संगणकात पडून होते. ते नीट लावायचे आणि त्यांवरून संगणकाला गाठ ओळखायला शिकवायचं, असा बेत होता. त्यासाठी तज्ज्ञ हवा होता. मी फार विचार करून 'वैद्यकीय प्रतिमा माहितीशास्त्र सल्लागार' असं पद छापलं, तर अर्ज आले ते मोर्शीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दोघांचे आणि एका मूर्तिकाराचा. शेवटी अकोल्याहून एक उंच, किडकिडीत, साठीकडे झुकलेले गृहस्थ आले. परदेशातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत हेच काम करून ते परतले होते. मुलाखतीत आमच्या मोठ्या डॉक्टरांनी हौसेने एक स्कॅन पडद्यावर लावला, तर यांनी खुर्चीसकट पाठ फिरवली. "आधी कोपऱ्यातलं नाव झाका," म्हणाले, "मंग बोलू." नाव कसं झाकायचं हे आमच्यात कोणालाच येत नव्हतं. अखेर मी पडद्यावर पाकीट चिकटवलं, तोवर आम्ही पाचजण त्यांच्या पाठीशीच बोलत होतो. आम्ही नेमलं ते त्या पाठीलाच, असं मी पुढे त्यांना चिडवत असे.

ही सवय घरातून आली होती. त्यांचे वडील शेंदूरजनाघाटला संत्र्यांची प्रतवारी करायचे. गाड्या यायच्या त्या बाजूला पाठ करून बसायचे, म्हणजे माल कोणाचा ते कळायला नको. "भावाचा माल आहे हे समजलं का हात ढिला पडते," असं ते म्हणत. मुलाने तेच स्कॅनला लावलं. कोणी पेशंटचं नाव घेतलं की हे दोन्ही कानांत बोटं घालत आणि वर मोठ्याने हुंकार देत. डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा तयार करता येतो म्हणून चेहऱ्याचा भाग काढून टाकल्याशिवाय ते स्कॅन कोणाला बघू देत नसत. आमच्या शिपायाने लेकीच्या लग्नाची पत्रिका दिली तर म्हणाले, "नाव नोका सांगू, तारीख सांगा." लग्नाला मात्र सर्वांच्या आधी हजर होते आणि वरातीत नाचलेही.

त्यांना दोनच गोष्टी हव्या असत. स्कॅनवरचं नाव जायला हवं, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं ते यायला हवं. "फोटो आहे, पण माणूस जगला का गेला हे माहीत नाही, तं थो फोटो काय कामाचा?" असं ते मला विचारत. प्रत्येक पेशंटला त्यांनी नंबर दिला. नंबर आणि नावांची वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्याच खिशात. ते नंबर सांगत, मी घरी फोन लावी, आणि त्यांना एकच शब्द कळवी. आहे, किंवा नाही. फोन लागला नाही तर आम्ही जीपने गावी जात असू. मी घरात जायचो, ते जीपमध्ये घराकडे पाठ करून बसायचे. 'नाही' म्हटलं की ते लिहून घेत, चष्मा काढत आणि तो पुसत बसत. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत जाई. मला ते दिसायचं, पण विचारायची छाती झाली नाही.

एकशे सतरा नंबरची बाई तिवसा भागातली, साठीची. तिच्याबद्दल मी केव्हाच 'नाही' कळवलं होतं. एका दुपारी ते तिचे दोन स्कॅन घेऊन माझ्या टेबलाशी आले. मधे सात महिन्यांचं अंतर होतं.

"ह्या पहिल्यात बरगडी मोडून जुडलेली दिसते. दुसऱ्यात तिची खूण नाही."

"बरी झाली असंन."

"हाड जुडते, पण खूण काहून जाईन? ही बाई दुसरी आहे. वय कमी आहे. आन् हिच्या छातीत लहानशी गाठ आहे."

माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या स्कॅनचा रिपोर्ट म्हातारीच्या फाईलमध्ये लागला, म्हातारी गेली म्हणून फाईल बंद झाली, आणि गाठ घेऊन कोणीतरी बाई आठ महिने हिंडत होती.

स्कॅन सरकारच्या मोफत उपचाराच्या कार्डावर व्हायचे; म्हातारीचं कार्ड घरातल्याच कोणी वापरलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिच्या घरी निघालो. घरी सून होती, पस्तिशीची. मी विचारल्यावर ती म्हणाली, "आमाले काही माहीत नाही, साहेब." तिच्या नवऱ्यानेही तेच सांगितलं. मी हताश होऊन वळलो, तर मागे सल्लागार उभे. जीपमधून उतरून ते घराकडे तोंड करून आले होते.

"बाई, तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिने दचकून नाव सांगितलं. त्यांनी कानात बोटं घातली नाहीत.

"मी फोटो पाहणारा माणूस आहे. कार्डाशी मले काही घेणं नाही. फोटोत तुमी आहात, तुमची सासू नाही. औषध आहे याच्यावर. उशीर नोका करू."

ती ओट्यावर बसलीच. "माह्या नावाचं कार्डच नव्हतं," ती रडत म्हणाली. "सासूनंच म्हटलं, तू जाय माह्या कार्डावर. मंग सासूच गेली. मेलेल्या बाईचा रिपोर्ट मांगाले मी कशी येऊ, साहेब?"

ती दोन दिवसांनी आली. ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली. सल्लागारांनी तिला नवा नंबर दिला, चारशे एकतीस, आणि पुन्हा पाठ करून कामाला बसले. तिने त्यांना भेटायचं म्हटलं तेव्हा मागच्या जिन्याने पळून गेले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

करार संपला, ते अकोल्याला गेले, मीही निवृत्त झालो. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की त्यांचा फोन येतो. "चारशे एकतीस?" एवढंच विचारतात. मी आधीच तिच्या घरी विचारून ठेवलेलं असतं. "आहे," म्हणतो. "बरं," म्हणून ते ठेवून देतात.

यंदा फोन उशिरा आला. आवाज खोल गेला होता. मी "आहे" म्हटलं, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

"नाव काय सांगतलं होतं हो तिनं? मी मुद्दाम इसरलो होतो."

मी नाव सांगितलं. पलीकडून त्यांनी ते हळूच एकदा उच्चारून पाहिलं, तान्ह्याचं नाव घ्यावं तसं.

"चांगलं नाव आहे," म्हणाले. "आता पुन्हा इसरतो."