तरुण संघाची यादी आणि माझी लाल रेघ

"ही यादी आधी काढा," पाळकसाहेब म्हणाले.

मी स्कूटर लावतच होतो. महिन्याभरानं दापोडीला आलो होतो, ते चार कौतुकाचे शब्द ऐकायला.

"का? अशी यादी निगडीपासून पुण्यापर्यंत दुसऱ्या कुणी करून दाखवावी."

"शांतवन चार रविवार आला नाही."

शांतवन कोण, हे आठवायला मला यादीच बघावी लागली. तिथूनच माझी चूक सुरू होते.

सत्तरीच्या दशकात मी पिंपरीच्या एका कंपनीत पर्सोनेल खात्यात होतो. म्हणजे माणसं घेणं आणि काढणं. माझी खासियत अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. कुणाचा कल कशात आहे, ते बोलून, लिहून आणि हातानं काम करायला लावून ओळखायचं. गेटातून आत येणाऱ्याच्या चपला बघून हा टर्नर होणार की फिटर, हे मी सांगतो, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती.

पाळकसाहेब म्हणजे दापोडीच्या चर्चचे पाद्री. मंडळीतल्या पोरांना नोकरीला चिकटवायला आमच्या ऑफिसात यायचे. एकदा म्हणाले, "साहेब, आमच्या तरुण संघात वीस-बावीस जण आहेत. कुणी नगरचा, कुणी जालन्याचा. रविवारी येतात, गातात, जातात. एकमेकांची नावंसुद्धा माहीत नसतात. देवानं प्रत्येकाला काहीतरी कृपादान दिलंय. ते त्यांचं त्यांना दिसेल, असं काही करा."

मी देवळातही नारळापुरता जाणारा माणूस. पण स्तुतीपुढे मी कुठल्याही धर्माचा होतो. दोन रविवार उपासनेनंतर पत्र्याच्या शेडमध्ये टेस्ट घेतली. सुरुवातीलाच ठणकावलं, "पंधरा वर्षांत माझा अंदाज एकदाही चुकलेला नाही." खरं तर तोवर नोकरीलाच अकरा वर्षं झाली होती.

मग यादी केली. सुशीला, पेटी आणि गाणं. याकोब, भाषण. अशी अठरा नावं धडाधड लागली. चौघांचं काही कळेना. त्यांच्याशी पुन्हा बोलावं म्हणून मी खाली लाल रेघ मारली, रेघेखाली त्यांची नावं लिहिली, आणि कागद दारावर चिकटवून घरी गेलो. पुन्हा बोलायचं राहूनच गेलं.

कंपनीच्या गेटवरही अशीच यादी लागायची. टेंपररी कामगार पर्मनंट होऊ नये म्हणून काही महिन्यांनी त्याला काही दिवस घरी बसवत. त्याला ब्रेक म्हणत. लाल रेघेखाली नाव, म्हणजे उद्यापासून येऊ नका. ती रेघ मीच मारायचो. आणि या संघातली जवळजवळ सगळी पोरं कुठल्या ना कुठल्या कंपनीत टेंपररी होती.

चौघांपैकी तिघांनी पाळकसाहेबांना हसत विचारलं, "आमची विकेट पडली का?" शांतवननं विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांचा, फाउंड्रीत काम करणारा, सगळ्यांत मोठा. टेस्टमध्ये त्याला दोन मिनिटं बोल म्हटलं, तर तो दोन मिनिटं नुसता उभा राहिला. विजेचा खांबसुद्धा वाऱ्यावर थोडा गुणगुणतो.

"सतरंज्या घालायचा तोच ना?" यादीवरून नजर काढत मी विचारलं.

"सतरंज्या घालायचा, आणि कुठली जागा मोकळी राहिली ते बघायचा," पाळकसाहेब म्हणाले. "उपासना झाली की सायकल काढून न आलेल्याच्या खोलीवर. कुणाला ताप असायचा. कुणाला ब्रेक मिळालेला, म्हणून तोंड दाखवायला लाज. मलाही हे आत्ता कळतंय. तो नाही, तर निम्मे जण यायचे थांबलेत."

मी तसाच त्याच्या खोलीवर गेलो. तो वळकटी बांधत होता. त्यानं ती सोडून मला बसायला घातली.

"शांतवन, यादीत चूक झाली."

"न्हाई साहेब. पंधरा वर्षांत तुमचं चुकलं न्हाई. तुम्हीच सांगितलंत."



"अरे, ती ब्रेकची रेघ नव्हती. मला परत बोलवायचं होतं तुम्हा चौघांना."

"कंपनीत बी तसंच सांगत्यात. परत बोलवू."

"पण तू घरोघर जायचास, ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही."

"ते काय काम हाय व्हय? जाता येता व्हायचं." त्यानं स्टो पेटवला. "नाशकाला मावसभाऊ हाय. तिकडं जातो. हितं रविवार होता म्हणून ऱ्हायलो होतो."

चहा त्यानंच पाजला. मी माफी मागितली, पण साहेबासारखी मागितली. म्हणजे त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

नंतर माझ्याच सल्ल्यानं ते घरोघर जायचं काम याकोबला दिलं. त्यानं हजेरीचं रजिस्टर केलं. रजिस्टर घेऊन दारात आलेल्या माणसाला, आपली नोकरी गेली, हे कोण सांगणार? नाताळचा कार्यक्रम मात्र झकास झाला. पेटी सुरात, भाषण खणखणीत, सगळं माझ्या यादीबरहुकूम. मोकळ्या सतरंज्यांवर लहान मुलं लोळत होती.

ही गोष्ट मी कंपनीत कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. माझ्या सांगण्यात शांतवन त्या नाताळाला परत यायचा, शेड दणाणून जायची, आणि ऐकणारे टाळ्या वाजवायचे. खरं म्हणजे तो आला नाही. मी नाशिकचा पत्ताही मागून घेतला नव्हता.

आमच्या धंद्यातल्या नव्या लोकांना एवढंच सांगतो. माणसाची टेस्ट खुशाल घ्या. निकाल मात्र त्याच्यासमोर बसून तोंडी सांगा.