उपासाच्या दिवशीची गोळी

विमल सिस्टरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातनंच झाली. बेंबळीच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, बीपी लई वाढलंय म्हणाल्या आणि लगेच विचारलं, मिश्री किती वेळा लावता? मी म्हटलं, बीपी दंडात बघताय, मग दातांचं कशाला काढता? त्या हसल्या. "तंबाखू दाताला लावली तरी काळजापर्यंत जाते, चंद्रकलाताई."

यंदा सिस्टरांना साठ वर्षं झाली. त्यांच्या गौरवाच्या या पुस्तकात शिकलेली माणसं चांगलं लिहितील. मी चौथी शिकलेली. घडलं तेवढं सांगते.

मिश्रीची डबी मी त्यांच्याकडं जमा केली आणि दोनदा परत मागायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी चप्पल घातली आणि मला फाट्यापर्यंत चालवत नेऊन परत आणलं. तोवर तलफ गेलेली असायची. पुढं रोजचं चालणंच सुरू झालं. भाजीतलं मीठ कमी केलं, ताटातलं लोणचं-पापड उचललं. मालक कुरकुरले. मी म्हटलं, चव पाहिजे तर चुलीपुढं तुमी बसा.

वर दवाखान्यातली रोजची गोळीही होती. एवढं करूनही बीपी उतरेना. धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर एक दिवस हृदय दगा देईल. मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. सिस्टरांना जाऊन सुनावलं, तुमचं मशीन खोटं, तुमची गोळी खोटी. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. त्या मात्र सोमवारी सकाळी माझ्या घरी आल्या. मी भगर वाढली, दोघींनी खाल्ली. मग फळीवरच्या पाकिटाकडं बघत त्यांनी विचारलं, आजची गोळी घेतली का?

"जेवणानंतरची गोळी हाय ती. आज उपास. जेवण कुठंय?"

सिस्टरांनी उपास कोणकोणते ते विचारलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. सांगता सांगता माझं मलाच कळलं. निम्मा महिना मी गोळीशिवाय काढत होते. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "जेवणानंतर घ्या म्हटलं, उपास विचारलेच न्हाईत. भगर खाल्ली की झालं जेवण. घ्या गोळी."

इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईंनी माझ्यासारखीपुढं चूक कबूल करावी, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या आठवड्यात सिस्टर घरोघर फिरल्या आणि गोळी चालू असलेल्या प्रत्येक बाईला उपास विचारले. माझ्यासारख्या पुष्कळ निघाल्या. त्यात माझी जाऊही होती, माझं गोळीचं ऐकून मला अडाणी म्हणून हसलेली.

काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा पट्टा बांधला. आकडा बघून मशीन माझ्याकडं फिरवलं. बीपी उतरलं होतं. डोळे त्यांचेच भरले होते, तरी मला म्हणाल्या, रडू नका.

सिस्टर, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. माझं काळीज तुम्ही ठिकाणावर आणलंत, आता ते लवकर बंद पडायचं नाही, म्हणून तुम्हालाही बरीच वर्षं माझ्यासोबत चालावं लागणार. निवृत्ती झाली म्हणून सकाळी पडून राहू नका. सहाला दारात येते. हाक एकदाच मारीन.